घरगुती युनिव्हर्सल चिप प्रोग्रामर बनवायचाय, तोही खुला. सल्ला हवा

चाळीस_पिन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. अभ्यासक्रमात आता ८०५१ वगैरे आहे, पण पोरांचा पाया पक्का व्हावा म्हणून मी ८०८५ मायक्रोप्रोसेसरची जुनी ट्रेनर किट अजून वापरतो. त्यांचा मॉनिटर (किट चालू होताच चालणारा मूळ प्रोग्राम) ईप्रॉममध्ये असतो, म्हणजे अतिनील प्रकाशाने पुसता येणाऱ्या मेमरी चिपमध्ये. बहुतेकांत २७६४, काही फारच जुन्यांत २७१६ आणि २७३२. काचेच्या खिडकीवरचे स्टिकर कधीच गळून पडलेत. काही किट चालू केली की डिस्प्लेवर भलतंच काहीतरी उमटतं. दोनचार वेळा रीसेट दाबलं की कधी वळणावर येतात, कधी नाही.

कॉलेजात पॅरलल पोर्टवर चालणारा विलेम प्रोग्रामर (चिप वाचणारं-लिहिणारं यंत्र) आहे, पण पॅरलल पोर्ट असलेला पीसी नाही. म्हणून म्हटलं, आपणच एक युनिव्हर्सल प्रोग्रामर बनवू आणि सर्किट, पीसीबी, फर्मवेअर सगळं खुलं टाकू. कुणीही बनवावा.

डोक्यात आहे ते असं: ४० पिनांचं झिफ सॉकेट (लिव्हरने चिप अलगद बसवता-काढता येणारं). प्रत्येक पिनवर हवं ते देता आलं पाहिजे: सिग्नल, व्हीसीसी (नेहमीचा पुरवठा), ग्राउंड किंवा व्हीपीपी (लिहिताना लागणारं जास्तीचं व्होल्टेज). त्यासाठी ७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टरांची माळ, वरच्या बाजूला यूडीएन२९८१ सारखे ड्रायव्हर, खालच्या बाजूला यूएलएन२८०३, आणि मेंदू म्हणून आरपी२०४० मायक्रोकंट्रोलर. मग चिप कुठलीही येऊ दे, सॉफ्टवेअरमध्ये पिनांचा नकाशा बदलला की झालं.

हे जमण्यासारखं आहे का? आणि लायसन्स कोणतं ठेवावं?

रेडिओ_दुरुस्ती

तयार टीएल८६६ प्रोग्रामर घ्या. लिनक्सवर त्याचं मिनीप्रो सॉफ्टवेअर टाका. विषय संपला.

चाळीस_पिन

@रेडिओ_दुरुस्ती, टीएल८६६ टू प्लसचं व्हीपीपी १८ व्होल्टच्या वर जात नाही. २७१६ ला २५ लागतात. त्याच्या पुढच्या टी४८ मध्ये २५ मिळतात हे माहीत आहे, पण ते यंत्र बंद डबा आहे. मिनीप्रो खुलं आहे ते लोकांनी यूएसबीवरचं बोलणं ऐकून ऐकून लिहिलं म्हणून. पोरांसमोर उघडून दाखवता येईल असं काहीतरी हवंय मला.

बापू_बॅटरी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. "युनिव्हर्सल" शब्द आला की धागा शंभरी गाठतो.

मीनल_प

सर, कल्पना छान आहे पण यूएलएन२८०३ ग्राउंडसाठी वापरू नका. आत डार्लिंग्टन (ट्रान्झिस्टरच्या जोड्या) आहेत. पूर्ण चालू असतानाही कलेक्टरवर पाऊण ते एक व्होल्ट उरतो. म्हणजे चिपचं ग्राउंड तुमच्या ग्राउंडच्या जवळजवळ एक व्होल्ट वर तरंगणार. टीटीएल पातळीत ०.८ च्या खाली असेल तरच शून्य. चिपने शून्य दिला तरी तुम्हाला तो धड शून्य दिसणार नाही. शिवाय आठही डेटा पिना एकदम शून्य झाल्या की करंट वाढतो आणि ग्राउंड आणखी उचललं जातं. चूक कधी येते कधी नाही, शोधता शोधता वेड लागतं.

यूडीएन२९८१ चंही तसंच, तिथे दीड व्होल्टच्या वर पडतात. व्हीपीपीला चालेल, व्होल्टेज तेवढं वाढवून देता येतं. व्हीसीसीला नाही, कारण करंट बदलला की पडणारं व्होल्टेजही बदलतं.

दोन्हीकडे मॉसफेट लावा. पण मग ४० पिनांना तीन तीन मॉसफेट, त्यांचे गेट ड्रायव्हर, वर सिग्नल वाचवायला रेझिस्टर आणि क्लॅम्प. पोरांनी हाताने सोल्डर करायचं आहे ना?

आणि आरपी२०४० ३.३ व्होल्टचा आहे, म्हणजे ३.३ आणि ५ व्होल्टचे सिग्नल जुळवायला लेव्हल शिफ्टर आले. त्यात ते दिशा आपली आपण ओळखणारे टीएक्सएस०१०८ घेऊ नका. झिफची तार, सॉकेट आणि चिप मिळून जो भार होतो त्यावर ते कधीकधी स्वतःच थरथरतात. दिशा सांगावी लागते असे ७४एलव्हीसी८टी२४५ बरे, पण त्यांची दिशा आठ पिनांची मिळून एकच असते. म्हणजे "कुठलाही पिन काहीही" इथेच कोसळलं.

भोसरीकर

+१. माझ्या एका मित्राने असाच ४० पिनी राक्षस काढला होता. किकॅडमध्ये (पीसीबी आखायचं सॉफ्टवेअर) इतका सुंदर दिसायचा की फ्रेम करून लावावा. बोर्ड अजून फ्रेममध्येच आहे.

आजोबा_८०८५

वाचून जुने दिवस आठवले. चिरंजीव, २५ व्होल्टचा एवढा बाऊ करू नका, पण हलक्यातही घेऊ नका. २७१६ ला प्रत्येक बाइटला ५० मिलिसेकंदांचा एक पल्स लागतो. २०४८ बाइट, म्हणजे चिप भरायला शंभर सेकंद. आम्ही तेवढ्यात चहा सांगायचो. पुढच्या २७सी२५६ सारख्या चिपांना १०० मायक्रोसेकंदांचे पल्स पुरतात. ३२ केबी असून तीनचार सेकंदांत काम होतं, बाकी वेळ तपासणीत जातो.

नावावर जाऊ नका, डेटाशीट बघा. २७३२ ला २५, पण २७३२ए ला २१. २७६४ ला २१, २७६४ए ला १२.५. शेपटीच्या त्या एका 'ए'वरून कित्येक चिपा स्वर्गात गेल्या आहेत.

क्रमही पाळा. चालू करताना आधी व्हीसीसी, मग व्हीपीपी. बंद करताना आधी व्हीपीपी काढायचं. उलटं केलंत तर चिप तक्रार करायला शिल्लक राहत नाही.

पुसण्याबद्दल कुणी विचारायच्या आधीच सांगतो: २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील दिवा, जवळ धरून १५-२० मिनिटं. डोळे सांभाळा. उघडी खिडकी थेट उन्हात राहिली तर आठवडाभरात चिप पुसली जाऊ शकते आणि ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत, असं इंटेलच्या डेटाशीटमध्येच छापलेलं असायचं. स्टिकर नसलेल्या तुमच्या किटचं दुखणं तिथेच आहे.

अवांतर: १९८४ च्या 'क्लास' या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते, त्यांच्या पोटातही १६ केबीचे रॉम असायचे. कुणाच्या शाळेच्या माळ्यावर असला एखादा तर भंगारात देऊ नका, इथे कळवा.

बापू_बॅटरी

आजोबा, त्याहून जुनी २७०८ चालेल का यावर? युनिव्हर्सल म्हणजे युनिव्हर्सल.

आजोबा_८०८५

बापू, तिला +५, +१२ आणि −५ असे तीन पुरवठे लागतात. तुम्ही तुमची बॅटरी घेऊन या.

सीमा_टीव्हीवाली

मी एलईडी टीव्हीचे बोर्ड दुरुस्त करते, कोल्हापुरात. आमच्याकडे ईप्रॉम कोण विचारतंय? रोज २५ सिरीजची फ्लॅश काढायची, फाईल मारायची, परत बसवायची. तुमच्या प्रोग्रामरवर डब्ल्यू२५क्यू६४ चालणार असेल तर लई भारी, नाहीतर आम्हाला काय उपयोग?

मीनल_प

@सीमाताई, ती आठ पायांची चिप आणि ३.३ व्होल्टची. चार तारांत काम होतं. तिला या गर्दीत आणूच नये. सीएच३४१ए चा छोटा प्रोग्रामर बास आहे, फ्लॅशरॉम हे सॉफ्टवेअर तो ओळखतं. फक्त काळ्या पीसीबीचे जे स्वस्तातले मिळतात ते एकदा मीटरने तपासा. त्यांच्यातल्या बऱ्याच बोर्डांवर चिपला पुरवठा ३.३ चा जातो पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. १.८ व्होल्टच्या फ्लॅशला तर वेगळा अडॅप्टर लागतोच.

सीमा_टीव्हीवाली

तपासलं. ५ येतायत. 🙄 इतके दिवस चिपाच चिवट होत्या म्हणायच्या.

भोसरीकर

अवांतर: २४ आणि ९३ सिरीजच्या ईईप्रॉमचा (विजेनेच पुसता येणाऱ्या मेमरी चिपांचा) प्रोग्रामर खुला केलात तर पहिलं गिऱ्हाईक जुन्या गाड्यांचे दलाल. किलोमीटर मागे न्यायला रांग लागेल.

रेडिओ_दुरुस्ती

रांग कधीचीच लागलेली आहे. त्यांना तुमच्या धाग्याची गरज नाही.

कोपरा_कपॅसिटर

जरा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चाळीस_पिन सर, तुम्हाला कुठल्याही पिनवर काहीही द्यायचं नाहीये, तसा फक्त भास होतोय.

३२ पिनांचं झिफ घ्या. चिप नेहमी खालच्या टोकाला टेकवून बसवायची, म्हणजे लिव्हरची बाजू मोकळी. आता २४, २८ आणि ३२ पिनांच्या ईप्रॉमच्या पिना झिफच्या आकड्यांत मांडा.

ग्राउंड: २४ पिनीत पिन १२, २८ पिनीत १४, ३२ पिनीत १६. झिफवर तिन्ही वेळा १६. म्हणजे ग्राउंडला स्विचच नको, सरळ जाड तांबं. मीनलताईंचा यूएलएनचा प्रश्नच मिटला.

व्हीसीसी: झिफच्या २८, ३० आणि ३२ वर. तीनच जागा.

व्हीपीपी: २७सी०१० ते २७सी०४० यांचा पिन १, म्हणजे झिफ १. २७६४ ते २७२५६ यांचाही पिन १, पण तो झिफ ३ वर येतो. २७५१२ चा पिन २२ आणि २७३२ चा पिन २०, गंमत म्हणजे दोन्ही झिफ २४ वर. २७१६ चा पिन २१, झिफ २५.

आणि ओळखपत्र (चिपच्या आत कोरलेला कंपनी-मॉडेलचा कोड) वाचायला ए९ या पत्त्याच्या पिनवर १२ व्होल्ट द्यावे लागतात. तो २४ पिनीत २२, २८ पिनीत २४, ३२ पिनीत २६. झिफवर तिन्ही वेळा २६. (जुन्या चिपांना हे ओळखपत्र नसतं, त्यांच्यावर ते १२ व्होल्ट टाकू नका.)

म्हणजे जास्तीचं व्होल्टेज फक्त १, ३, २४, २५, २६ या पाच पिनांवर. पाच बीसी५५७ आणि त्यांना ओढायला पाच बीसी५४७. दोन्ही ४५ व्होल्टचे आहेत. तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळतील.

मेंदू म्हणून आर्डुइनो मेगा घ्या. ५ व्होल्टचा आहे, ५४ पिना आहेत, लेव्हल शिफ्टर नकोत. उच्च व्होल्टेजच्या पाचही तारांवर मेगा आणि झिफ यांच्यामध्ये ४.७ के चा रेझिस्टर आणि मेगाच्या बाजूला झेनर. २५ व्होल्ट आले तरी त्या रेझिस्टरमधून चारेक मिलिअँपच उलटे येतात.

पिंपळपान

हा प्रतिसाद वाचनखुणेत. 👏

मीनल_प

@कोपरा_कपॅसिटर, सुंदर! दोन शंका.

एक: २७१६ नुसती वाचतानाही व्हीपीपी पिनवर ५ व्होल्ट लागतात आणि तिथून ती ५ मिलिअँपपर्यंत करंट घेऊ शकते. तुमच्या ४.७ के मधून तेवढा जाणारच नाही. पुढच्या सीमॉस चिपा मायक्रोअँपमध्ये घेतात, त्यांना चालेल.

दोन: व्हीपीपीला डेटाशीट ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मागते. तो झिफ २४ वर लावलात तर २७२५६ ला तोच पिन ओई (आउटपुट चालू करणारा) असतो. ४.७ के आणि ०.१ मायक्रो म्हणजे अर्धा मिलिसेकंद. प्रत्येक वाचन रांगणार.

कोपरा_कपॅसिटर

दोन्ही मुद्दे बरोबर.

पहिल्याला उपाय: यूएसबीच्या ५ व्होल्टवरून बूस्ट करायचं, म्हणजे व्होल्टेज वाढवून घ्यायचं. बूस्ट बंद केला की कॉइल आणि शॉट्की डायोडमधून ४.७ च्या आसपास आपोआप येतातच. तोच ट्रान्झिस्टर चालू ठेवायचा, २७१६ ला वाचायला तेवढं पुरतं. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून बूस्ट केलंत तर ही सोय जाते.

दुसऱ्याला: कपॅसिटर ट्रान्झिस्टरच्या आधी, झिफला जितका खेटून बसेल तितका.

बूस्टला एमटी३६०८ चालेल, २८ व्होल्टपर्यंत जातो. पण ते निळं तयार मॉड्यूल त्यावरच्या स्क्रूवर भरवसा ठेवून लावू नका. त्यावरचा प्रीसेट जरा हलला की व्होल्टेज कुठच्या कुठे. २७सी२५६ ची कमाल मर्यादा १४ च्या आसपास असते. फीडबॅकला ठरावीक रेझिस्टर लावा आणि १२.७५, २१, २५ असे जंपर ठेवा. पोरं जंपर बघून दोनदा विचार करतील.

आजोबा_८०८५

जंपर! वा. सॉफ्टवेअरवाल्यांनी हा शब्दच बंद पाडला होता.

एक राहिलं. २७सी च्या चिपा मारताना (लिहिताना) व्हीसीसीही ६.२५ करायचं असतं. पुष्कळ घरगुती प्रोग्रामर ५ वरच मारतात आणि चिप "लागते"ही. पण ६.२५ वर तपासून पास झालेला बिट आणि ५ वर जेमतेम पास झालेला बिट यांच्यात दहा वर्षांनी फरक दिसतो.

मीनल_प

आणि ६.२५ वर तपासताना चिपच्या डेटा पिनाही त्या पातळीला जाऊ शकतात, मेगा ५ वर आहे. डेटाच्या आठही तारांना १ के मालिकेत टाका.

देवळालीचा_दिनू

मी सर्वांत शेवटी आलो, पण मूळ प्रश्न कुणी वाचलाच नाही असं वाटतंय. 😀

सरांना चिपा मारायच्या नंतर आहेत, आधी वाचायच्या आहेत. त्याही अर्धवट पुसल्या गेलेल्या. ईप्रॉममध्ये शून्य म्हणजे सेलच्या फ्लोटिंग गेटवर (आतल्या बंदिस्त टोकावर) भार साठलेला. तो गळाला की सेलचा उंबरठा (चालू व्हायला लागणारं व्होल्टेज) खाली येतो आणि शून्याच्या जागी १ दिसायला लागतो. व्हीसीसी जास्त असेल तर असा अशक्त सेल लवकर चालू होतो. म्हणून व्हीसीसी कमी करून वाचायचं. ५ वर, मग ४.७५, ४.५, त्याच्याही खाली, चिप साथ देईल तिथपर्यंत. प्रत्येक वेळी डम्प (चिपमधल्या सगळ्या मजकुराची फाइल) घ्यायचा आणि फाइली ताडून बघायच्या. ५ वर १ आणि ४.५ वर शून्य दिसला, तर तो बहुतेक मूळचा शून्यच.

शिवाय तुमची किट एकाच मॉडेलची बरीच असणार. सगळ्यांचा मॉनिटर तोच, निदान एकाच आवृत्तीच्या किटांचा तरी. प्रत्येकीचा डम्प घ्या आणि बिटागणिक ताडून बघा. बरोबरीत सुटलं तिथे शून्याला झुकतं माप द्या, कारण गळती फक्त शून्याकडून एकाकडे होते.

दुसरं: नव्या प्रती ईप्रॉमवरच का? २७६४ च्या सॉकेटमध्ये २८सी६४बी ही ईईप्रॉम बसते. ५ व्होल्टवर लिहिली जाते, दिवा नको, व्हीपीपी नको. तिचा राइट पिन २७, आणि २७६४ च्या सॉकेटमध्ये तिथे पीजीएम (प्रोग्राम करायचा पिन) असतो, जो किटमध्ये सहसा +५ ला बांधलेला असतो. म्हणजे चुकून लिहिलं जाण्याचीही भीती नाही. बसवण्याआधी मीटरने बघून घ्या इतकंच. २७१६ च्या जागी २८सी१६ तशीच बसते, राइट पिन नेमका व्हीपीपीच्या जागी. ती जुन्या साठ्यातून शोधावी लागेल. अडते ती फक्त २७३२.

बापू_बॅटरी

म्हणजे इतका वेळ आपण २५ व्होल्ट नक्की कशासाठी बनवत होतो?

कोपरा_कपॅसिटर

२७३२ साठी. आणि हौसेसाठी.

चाळीस_पिन

दिनूभाऊ, कमी व्होल्टेजवर वाचायचं डोक्यातच आलं नव्हतं. आज दुपारी बदलत्या पुरवठ्यावर एक २७६४ लावून बघितली. ५ वर दोन वाचनांत फरक येत होता, ४.४ वर दोन्ही सारखी आली. डम्पमधल्या मजकुरात किटचं नावही नीट वाचता आलं.

तर आता असं ठरवतोय. बोर्डची पहिली आवृत्ती: मेगा, ३२ पिनी झिफ, ग्राउंड पक्कं, व्हीसीसीचे तीन स्विच, आणि व्हीसीसी ४ ते ६.२५ बदलता येईल असं. एवढ्यात वाचन आणि २८सी चं लेखन होतं. पाच पिनांचे ट्रान्झिस्टर आणि बूस्ट यांची जागा पीसीबीवर ठेवीन, ज्याला हवंय त्याने भरावं. ८०५१ वाल्यांनी नाराज होऊ नये. एटी८९एस५२ ला चार सिग्नलच्या तारा लागतात, त्याला यूएसबीएएसपी हा छोटा प्रोग्रामर आहे.

राहिला लायसन्सचा प्रश्न.

रेडिओ_दुरुस्ती

खुलं टाकलंत की परवा कुणीतरी कॉपी करून ऑनलाइन विकायला ठेवेल. तुमच्या नावाचा पत्ता नसेल.

मीनल_प

मग ठेवू देत की! यूएसबीएएसपी खुला आहे, म्हणूनच तो गल्लीबोळात मिळतो आणि कॉलेजच्या पोराला परवडतो. तो बंद असता तर आपण आज त्याचं नावही घेतलं नसतं.

सर, सर्नचं (युरोपातली संशोधन संस्था) ओपन हार्डवेअर लायसन्स बघा. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत तीन प्रकार आहेत. एस घेतलंत तर बदल करून विकणाऱ्यालाही आपले बदल खुले करावे लागतात. पी मध्ये तसं बंधन नाही. मला एस आवडेल. फर्मवेअरला जीपीएल हे खुलं सॉफ्टवेअर लायसन्स.

भोसरीकर

लायसन्स काहीही घ्या, पण नुसत्या जर्बर फाइली टाकून "ओपन सोर्स" म्हणू नका. जर्बरवरून बोर्ड छापता येतो, सुधारता येत नाही. किकॅडच्या मूळ फाइली, पार्टची यादी आणि कुठल्या पार्टच्या जागी काय चालेल हेही लिहा. आमच्याकडे अर्धा वेळ नेमका पार्ट मिळत नाही म्हणूनच जातो.

आजोबा_८०८५

आणि चिपांची माहिती कोडमध्ये गाडू नका. वेगळी साधी फाइल ठेवा: नाव, पिना, आकार, व्हीपीपी कुठे आणि किती, पल्स किती. नवी चिप घालायला सी यायची गरज पडू नये. मला येत नाही, पण डेटाशीट माझ्याकडे कपाटभर आहेत. तो तक्ता मी भरून देतो.

चाळीस_पिन

आजोबा, ठरलं. एस लायसन्स, मूळ फाइली, तक्ता तुमच्याकडे.

देवळालीचा_दिनू

बोर्ड आला की लगेच चिप लावू नका. रिकाम्या झिफवर प्रत्येक चिपचा प्रोग्राम सावकाश चालवा आणि मीटरने पिन पिन तपासा: १६ वर शून्य, व्हीसीसी योग्य त्या एकाच जागी, आणि जंपर कुठेही असला तरी डेटाच्या तारांवर ५ च्या वर काही नाही. बूस्ट चालू होताना क्षणभर उसळी येते ती मीटरला दिसत नाही, तिथे ऑसिलोस्कोप लागेल.

सीमा_टीव्हीवाली

स्कोप आहे माझ्याकडे. बोर्ड कोल्हापूरला पाठवा. सोबत मेलेल्या दोनचार चिपा पण टाका, चांगल्या नको.